वरचे पन्नास ग्रॅम

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली. पोराच्या बाहीकडे पाहून आत चिठ्ठी आहे की नाही ते सांगायचो, आणि बहुतेक वेळा ती निघायची. ज्यांच्याकडे निघाली नाही त्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही. निवृत्त झाल्यावर बाह्या तपासायला कोणी उरलं नाही, म्हणून मी दूधवाला, किराणावाला आणि गॅरेजवाला यांच्याकडे वळलो.

संशयाचं बाळकडू वडिलांनी पाजलं. बाभुळगावजवळ आमचं कापसाचं शेत. बैलबंडीत कापूस भरून बाजारात न्यायचा, आणि वजन होताना वडील मला काट्यापाशी उकिडवं बसवायचे. हमालाचा गुडघा पारड्याला खालून टेकतो का, पायाचा अंगठा दोरीत अडकतो का, ते पाहायचं काम माझं. एकदा अंगठा सापडला. मी बोंब ठोकली. वडील हमालाला काही बोलले नाहीत, व्यापाऱ्याकडे पाहून फक्त "पुन्हा मोजा" म्हणाले, आणि परतताना मला भजी खाऊ घातली. स्वतः काही विकत घेताना मात्र त्यांचा कायदा वेगळा होता. गूळ असो की मीठ, काटा सरळ झाला की ते म्हणायचे, "आता वरून टाक थोडं." त्याशिवाय पुडी बांधू द्यायचे नाहीत. झुकतं माप मिळालं नाही तर आपण फसलो, असंच आमच्या घरात धरलं जायचं.

तर गाडीचा एसी. गेल्या उन्हाळ्यात तो गार हवा देईना, म्हणून मी यवतमाळातल्याच एका गॅरेजात गॅस भरून घेतला. त्या माणसानं पाच मिनिटांत नळी लावली, काढली, हात पुसले. आठ दिवस गाडी गार राहिली. नवव्या दिवशी बायकोला घेऊन शेतावरून परत येताना एसीतून गरम वारा यायला लागला. काचा उघडल्या तर बाहेरचा वारा त्याहून गरम. घरी पोहोचेपर्यंत तिचं बोलणं बरळण्यासारखं झालं होतं. उष्माघात. चार दिवस सलाईनवर होती. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा असं झालं तर निभावेल याची खात्री नाही, उन्हात नेऊच नका. त्या चार दिवसांत मी त्या गॅरेजवाल्याला मनातल्या मनात जितक्या शिव्या दिल्या तितक्या उभ्या नोकरीत दिल्या नसतील.

यंदा मे महिन्यात तिच्या भाचीचं लग्न निघालं, पुसदला. भाची म्हणजे तिच्या भावाची मुलगी. या पोरीची आई ती लहान असतानाच वारली, आणि कॉलेजची तीन वर्षं पोरगी आमच्याकडेच राहिली. बायको रोज सकाळी तिची वेणी घालायची. वीस वर्षांच्या पोरीला वेणी घालता येत नाही यावरही मला संशय होता, पण तो मी बोलून दाखवला नाही. कन्यादानाला जोडपं लागतं, बाप एकटा. म्हणून पोरीनं स्वतःच सांगितलं, माझं कन्यादान आत्या आणि मामाजी करतील. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात, म्हणजे मी. तो फोन आल्यापासून बायको झोपाळ्यावर बसून एकटीच हसायची.

तिला आठ दिवस आधी जायचं होतं. मी नाही म्हटलं. लग्नघरात टिनाचा मांडव, शंभर माणसं, कूलर पोचणार कुठं? लग्नाच्या दिवशी सकाळी थंड गाडीत बसायचं, थंड हॉलमध्ये उतरायचं आणि संध्याकाळी परत, असं मी ठरवलं. तिनं फार वाद घातला नाही. "तुमचा एसी चालला पाह्यजे पण," एवढंच म्हणाली.

दुधानं तोंड पोळलेला मी, यंदा ताकही फुंकून प्यायचं ठरवलं. आर्णी रोडवर एक नवं गॅरेज होतं, फक्त एसीचं काम करणारं. चालवणारा पस्तिशीचा असेल, जवळच्याच तांड्यावरचा. आमच्याशी वऱ्हाडीत बोलायचा आणि घरच्या माणसांशी फोनवर गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत. ती भाषा मला कळत नाही. न कळणाऱ्या भाषेत माणसं आपल्याबद्दलच बोलत असतात, हे माझं जुनं मत.

जाताना मी बायकोचा काटा सोबत घेतला. ती उन्हाळ्यात मुगाचे पापड करून विकते, त्यासाठी घेतलेला तीस किलोपर्यंतचा इलेक्ट्रॉनिक काटा. आदल्या रात्री मी त्यावर साखरेची एक किलोची पिशवी ठेवून पाहिली. दहा-पंधरा ग्रॅम कमी भरली. काटा चुकीचा असेल असं मला सुचलंच नाही, मी किराणावाल्याला फोन लावला.

मेकॅनिकनं बोनेट उघडलं आणि पहिल्यांदा गॅस भरायचं नावच घेतलं नाही. आधी पाइपांत हवेसारखं काहीतरी दाबानं भरलं आणि एका बाटलीतला साबणाचा फेस प्रत्येक जोडावर लावत सुटला. समोरच्या जाळीजवळच्या एका जोडावर बुडबुडे आले. "हे पाहा काका, इथून जाऊन राह्यला होता. मागच्या वर्षी कोणं भरला? त्यानं हे पाह्यलंच नाही." रबराची बारीक रिंग चिरलेली निघाली. त्यानं नवी बसवली. मी जुनी मागून घेतली आणि खिशात टाकली. ती आमच्याच गाडीतून निघाली की त्यानं बाहीतून काढली, याचा विचार घरी जाऊन करणार होतो.

मग त्यानं एक मशीन जोडलं आणि ते अर्धा तास घुरघुरत राहिलं. आत काही जात नव्हतं, बाहेर काही येताना दिसत नव्हतं.

"हे काय करून राह्यला?"

"व्हॅक्यूम काका. आतली हवा अन् ओल काढा लागते. नाही तं गॅस भरून फायदा नाही."

मला वाटलं, झालं. उरलासुरला गॅस हा ओढून घेतोय आणि उद्या दुसऱ्याच्या गाडीत भरेल. मी उठून मशीनच्या मागं जाऊन पाहिलं. त्याला कळलं मी काय पाहतोय ते. हसला आणि म्हणाला, "चहा घेता का?" चहा मी घेतला नाही. चहा पाजणाऱ्याची मला जास्त भीती वाटते.

गॅस भरायची वेळ आली तेव्हा त्यानं टाकी स्वतःच्या छोट्या काट्यावर ठेवली. टाकीतलं वजन जेवढं कमी होईल तेवढा गॅस गाडीत गेला, असा हिशेब. बोनेटच्या आतल्या चिठ्ठीवर साडेचारशे ग्रॅम लिहिलेलं होतं, ते त्यानं मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, थांब. पिशवीतून आमचा काटा काढला, जमिनीवर ठेवला आणि त्याचा काटा टाकीसकट त्याच्यावर ठेवायला लावला. दोन काटे एकावर एक, दोन्ही शून्यावर आणलेले. शेजारच्या पंक्चरवाल्यानं काम थांबवून हे पाहिलं.

त्याच्या काट्यानं साडेचारशे दाखवले तेव्हा आमचा काटा चारशे दहावर होता. माझ्या अंगात वडील संचारले.

"चाळीस ग्रॅम गेले कुठं?"

"काका, जमीन खालीवर हाये. नळी टाकीले ओढून राह्यली. अन् तुमचा काटा पापडाचा हाये."

"पापडाचा असला तरी कोणाच्या बापाचा नाही. माह्या काट्यावर साडेचारशे कर. अन् वरून पन्नास टाक."

"वरून कायले?"

"वरून म्हणजे वरून! गूळ घेतला तरी वरून घेतो आमी."

त्यानं हातातली नळी खाली ठेवली. अगदी शांतपणे, शाळेतल्या पोराला सांगावं तसं, त्यानं मला समजावलं की हा गूळ नाही. गॅसला आत पसरायला जागा लागते. आत्ता संध्याकाळ आहे, गाडी उभी आहे, म्हणून कदाचित चालून जाईल. दुपारच्या उन्हात दाब वाढला की कॉम्प्रेसर स्वतःच बंद पडतो. "जास्त भरला तं जास्त थंड नाही होत काका. उलटं होते."

मी ऐकलं आणि मला एवढंच ऐकू आलं की याला कमी द्यायचं आहे. आवाज चढवला. मागच्या वर्षीचं सगळं सांगितलं, सलाईन, डॉक्टर, आणि यंदाचं लग्नही. "लग्न कधी हाये? कोणत्या रस्त्यानं जाता?" त्यानं विचारलं. रविवार म्हटलं, आर्णी, दिग्रस, पुसद. मग त्यानं मान हलवली आणि माझ्या काट्यावर पाचशे होईपर्यंत गॅस सोडला. "उद्या सकाळी या, मी वरचा काढून देतो. नाही तं रविवारी त्रास होईन," म्हणाला. मी काटा पिशवीत घालत होतो तेव्हा त्यानं कोणाला तरी फोन लावला आणि गोरबोलीत बोलायला लागला. मधे एकदा माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे हात केला. पुसद आणि दिग्रस हे दोन शब्द तेवढे कळले. माझी टिंगल चाललीय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

गाडी मात्र झकास गार झाली. बायकोला संध्याकाळी बसस्टँडपर्यंत फिरवून आणलं. ती पदर अंगाभोवती लपेटून म्हणाली, "बाप्पा, इतकी थंडी!" मी छाती फुगवून घरी आलो.

पुढचे दोन दिवस मेकॅनिकचे फोन आले. मी उचलले नाहीत. "उचला ना, काही काम असन," बायको म्हणाली. मी म्हटलं, आता गोडीगोडीनं बोलावून काहीतरी नवीन गळ्यात मारेल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पापडाचा गोळा तिंबायला लागली.

रविवारी सातला निघायचं ठरलं होतं. साडेसहाला ती हिरवा शालू नेसून तयार होती. मी बोनेट उघडून बसलो होतो. वाटीत साबणाचा फेस केला होता आणि मेकॅनिकसारखा प्रत्येक जोडावर लावून बघत होतो, रात्रीतून कुठं गळती तर लागली नाही ना. कुठंच बुडबुडा नाही. तरी पुन्हा एकदा सगळे जोड पाहिले. मग अंघोळ, कपडे. निघायला साडेआठ वाजले. मुहूर्त अकरा चाळीसचा होता. "पोचतो ना आपण?" तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, अकराच्या आत.

आर्णी मागं पडली आणि एसीचा आवाज बदलला. खट् झालं, आणि हवा कोमट. थोड्या वेळानं पुन्हा गार. पुन्हा खट्. मग ती गरम झाली ती गरमच राहिली. दहा वाजलेले, आणि डांबरावर पाणी असल्यासारखं चकाकत होतं. काचा खाली केल्या. भर शालूत ती बसलेली, तोंडाला रुमाल लावून. थोड्या वेळानं मी पाहिलं तर चेहरा लाल, आणि कपाळ कोरडं. घाम थांबला होता. मागच्या वर्षी अगदी असाच थांबला होता.

रस्त्याकडेच्या निंबाखाली गाडी लावली. बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर ओतलं. शालू भिजला. तिनं घरून आणलेलं पन्हं घोट घोट प्यायलं आणि डोळे मिटून घेतले. मग मी फोन काढला आणि मेकॅनिकला लावला. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. चोर हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द होता.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मावशी शुद्धीवर हायेत ना?"

"हो."

"एसी पूर्ण बंद करा. बटण चालू ठेवू नका. मावशीचं डोकं ओलं ठेवा अन् हळूहळू दिग्रसले या. गावात शिरल्यावर डाव्या हाताले माह्या साळ्याचं गॅरेज हाये. तो बसून हाये तुमच्यासाठी. तिथं कूलरही हाये अन् बाजूले दवाखानाही हाये."

बसून आहे तुमच्यासाठी, हे मला तेव्हा नीट कळलं नाही. गाडी चालवत राहिलो.

दिग्रसला तो साळा खरंच रस्त्यावर येऊन उभा होता. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पायात नवे बूट. त्यानं कूलरसमोर खाट टाकून ठेवली होती. बाजूच्या दवाखान्यातल्या बाईंना तो हाक मारून घेऊन आला. त्यांनी नाडी पाहिली, मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं, वेळेवर थांबलात म्हणाल्या, पण अर्धा-पाऊण तास उठू देऊ नका. बायकोच्या कपाळावर घामाचे थेंब आले तेव्हा मी खाली बसलो.

साळ्यानं गाडीला दाब मोजायचं गेज लावलं आणि शीळ घातली. "बाप्पा, काका, किती कोंबला होता?" सगळा गॅस काढून, मोजून पुन्हा भरावा लागणार होता. मशीन घुरघुरायला लागलं.

"तुमाले कसं माहीत आमी येणार म्हणून?" मी विचारलं.

"भाऊजीनं त्याच दिवशी फोन केला ना. म्हणे, म्हातारे काका हायेत, ऐकत नाहीत, मावशीले मागच्या साली ऊन लागलं होतं. रविवारी इथून जातीन, दुकान बंद ठेवू नको. माह्या मावसभावाचं लग्न हाये आज उमरखेडले. घरचे सगळे सकाळीच गेले, मी थांबलो." तो सहज बोलला आणि पाना घेऊन वाकला.

मी उठून बायकोचा रुमाल पुन्हा ओला केला.

अकरा चाळीसला बायकोचा फोन वाजला. तिच्या भावाचा होता. भटजींना पुढे दुसरं लग्न लावायचं होतं, मुहूर्त थांबणार नव्हता. त्याचा चुलत भाऊ आणि वहिनी कन्यादानाला बसले होते. भावानं फोनचा कॅमेरा मांडवाकडे धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. बायको खाटेवर उठून बसली, ओला शालू नीट केला, पदर डोक्यावर घेतला. साळ्यानं काय चाललंय ते पाहिलं आणि घुरघुरणारं मशीन बंद केलं. पर्समध्ये तिनं घरून हळद लावलेल्या अक्षता आणल्या होत्या. प्रत्येक "सावधान"ला ती दोन दाणे फोनवर टाकत होती. एवढ्याशा काचेत पोरगी नीट दिसतही नव्हती, फक्त मुंडावळ्या हलताना दिसत होत्या. शेवटच्या अक्षता टाकून झाल्यावर तिनं फोन माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मशीन पुन्हा सुरू झालं.

हॉलवर पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. पंगती चालल्या होत्या. पोरगी धावत आली आणि आत्याच्या गळ्यात पडली. तिच्या बापानं मला बाजूला घेतलं. "काय झालं भाऊजी? काल गाडी ठीक आहे म्हणत होते ना तुमी?"

आणि माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, "त्या मेकॅनिकनं घात केला."

चार माणसं जमली. कोणता मेकॅनिक, कुठला, नाव सांगा. कोणी म्हणालं हे गॅरेजवाले सगळे एका माळेचे मणी. कोणी म्हणालं, आमचे लोक यवतमाळात आहेत, उद्याच त्याच्या दुकानावर जाऊन पाहतो त्याला. मेव्हण्यानं फोन हातात घेतला होता. मी पाहिलं, बायको दोन हात अंतरावर उभी होती, पोरीचा हात हातात धरून. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रागावली असती तर मी भांडलो असतो. ती वाट पाहत होती.

"त्याचा दोष नाही," मी म्हणालो. "त्यानं नाही म्हटलं होतं. मीच भांडून जास्त गॅस भरायला लावला. काढून देतो म्हणून दोनदा फोन केले त्यानं, ते मी उचलले नाहीत. सकाळी उशीरही माझ्यामुळंच झाला."

मेव्हण्यानं फोन खिशात ठेवला. थोड्या वेळानं त्यानं जेवणाचं ताट आणून माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे गेला. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. मी भिंतीला टेकून उभ्यानं खाल्लं.

पाठवणीच्या वेळी पोरगी आधी चुलत्या-चुलतीच्या पाया पडली, कारण मान त्यांचा होता. मग आमच्या. बायकोनं तिची वेणी मागून नीट केली. ती आधीच नीट होती.

परतीच्या रस्त्यावर गाडी बर्फासारखी गार होती. आर्णी गेल्यावर ती म्हणाली, "पोरीनं मले इचारलं, आत्या, तू रागावली का माह्यावर? तिच्यावर मी कायले रागावू?"

मी गाडी हळू केली. लग्नाला चाळीस वर्षं होत आली आमच्या. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी तिला कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळं ते कसं म्हणायचं तेही नीट जमलं नाही.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.